नांगर खपवायचा कसा?

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान थाटले. कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर आले ते त्यानंतर. नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाच्या फाळाने जमिनीत विष भिनते, पीक जळते, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. पहिला नांगर विकायलाच सुमारे दोन वर्षे गेली. अशा वेळी नुसती छापील जाहिरात काय करणार? नांगराने स्वतः शेतात उतरून माती उलथून दाखवावी, तेव्हाच शेतकरी खिशात हात घालणार, आणि त्यात त्याचे काही चुकत नव्हते. एक हंगाम फुकट गेला तर वर्षभर घरच उपाशी.

१९१० मध्ये औंध संस्थानच्या आश्रयाने कुंडलजवळच्या माळावर कारखाना आला; तीच किर्लोस्करवाडी. तिथूनच १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले. कारखान्याची आणि मालाची माहिती देणारे हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. मराठी वाचकाला एवढे मोठे मासिक औतांच्या कारखान्याने दिले, याचे मोल फार आहे. ‘स्त्री’ (१९३०) आणि ‘मनोहर’ (१९३४) ही त्याचीच भावंडे.