उत्तर आधी, गणित नंतर

चिंतामणराव देशमुखांचं नाव निघालं की मराठी माणसाला १९५६चा राजीनामा आठवतो. मुंबईच्या प्रश्नावर नेहरूंच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडलेला अर्थमंत्री, ही ओळख पक्की. त्याच्या बारा वर्षं आधी, जुलै १९४४ मध्ये, ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात ब्रेटन वुड्सला होते, हे सहसा कुणी सांगत नाही. ४४ देशांची माणसं तिथल्या माउंट वॉशिंग्टन हॉटेलात तीन आठवडे बसून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा आराखडा ठरवत होती. भारताच्या शिष्टमंडळाचे प्रमुख होते सर जेरेमी रेझमन, म्हणजे इंग्रजच. सोबत देशमुख, षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ.

या दोन संस्थांबद्दल आपल्याकडे एक तक्रार कायम ऐकू येते: काम अर्थशास्त्राचं, पण त्यात राजकारण शिरलं. मला ती भाबडी वाटते. राजकारण बाहेर होतं कधी, म्हणून शिरेल?

कोट्याचंच बघा. नाणेनिधीत कोणत्या देशाने किती पैसे भरायचे आणि त्याला किती मतं मिळायची, हे कोट्यावर ठरतं. हा कोटा राष्ट्रीय उत्पन्न, सोन्याचा साठा, आयात-निर्यात अशा आकड्यांच्या सूत्रातून निघाला, असं सांगितलं गेलं. ते सूत्र बसवणारे रेमंड माइकसेल तेव्हा अमेरिकेच्या अर्थखात्यात तरुण अर्थतज्ज्ञ होते. पुढे त्यांनीच लिहून ठेवलं, की वरिष्ठ हॅरी डेक्स्टर व्हाइट यांनी १९४३ मध्ये उत्तर आधीच हातात दिलं होतं: अमेरिका पहिली, ब्रिटन तिच्या निम्म्यावर, मग रशिया, मग चीन. हे उत्तर येईल असं सूत्र तेवढं शोधायचं होतं. माइकसेलनी ते काही दिवसांत शोधलं.

परिषदेत अमेरिकेला २७५ कोटी डॉलरचा कोटा मिळाला, चीनला ५५ कोटींचा आणि भारताला ४० कोटींचा. चीनच्या मागे राहणं आपल्या लोकांना झोंबलं. त्याहून मोठं दुखणं होतं स्टर्लिंग शिल्लक. युद्धापायी ब्रिटनकडे भारताचे शेकडो कोटी रुपये अडकले होते. खात्यात लाखो डॉलर आणि टॅक्सीचं भाडं द्यायला खिशात नाणं नाही, अशी आमची गत करणार का, असं श्रॉफनी सुनावलं. या पैशाची सोय नाणेनिधीने करावी, ही भारताची मागणी फेटाळली गेली. ब्रिटनच्या बाजूने आलेले अर्थतज्ज्ञ केन्स यांनी ब्रिटन आपलं देणं मानाने फेडील असा शब्द दिला, तेवढ्यावर भागलं.

भारताच्या पदरात मोठी गोष्ट पडली ती दुसऱ्याच्या भांडणातून. सर्वांत मोठे कोटे असलेल्या पाच देशांना कार्यकारी मंडळावर थेट आपला माणूस नेमता येणार होता. भारत सहावा. मग रशियाने करारच स्वीकारला नाही आणि आपण पाचव्या जागेवर सरकलो. ती खुर्ची १९७० मध्ये जपानकडे गेली.

अमेरिकेचा वाटा सुरुवातीला तिशीच्या घरात होता. तो घसरत गेला, तशी महत्त्वाच्या निर्णयांसाठी लागणाऱ्या बहुमताची अट ८० टक्क्यांवरून ८५ वर चढत गेली. आज अमेरिकेकडे साधारण साडेसोळा टक्के मतं आहेत. नकाराधिकाराला तेवढी पुरतात. भारत-चीनचा वाटा वाढवणारी सुधारणा २०१० मध्ये ठरली, ती अमेरिकी काँग्रेसने डिसेंबर २०१५ पर्यंत अडकवून ठेवली. शेजारच्या जागतिक बँकेचा अध्यक्ष आजवर अमेरिकी नागरिकच झाला आहे. खडकीत जन्मलेल्या अजय बंगांचं पुणेकरांनी कौतुक जरूर करावं, पण २०२३ मध्ये त्यांना बायडेन यांनी सुचवलं ते अमेरिकी नागरिक म्हणून.

कर्जाच्या मंजुरीला मात्र हा नकाराधिकार लागू नाही. १९८१ मध्ये भारताने पाच अब्ज एसडीआरचं (एसडीआर म्हणजे नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) कर्ज मागितलं. रेगन सरकारला ते पटलं नव्हतं. अमेरिका तटस्थ राहिली, कर्ज मंजूर झालं. ९ मे २०२५ रोजी, सीमेवर तोफा चालू असताना, पाकिस्तानच्या कर्जाचा हप्ता मंजुरीला आला. या वेळी तटस्थ राहणारे आपण होतो, आणि हप्ता मंजूर झाला. या दोहोंच्या मध्ये १९९१. सोनं गहाण पडलं ते सगळ्यांना आठवतं. त्याआधी जानेवारीत आखाती युद्धावर निघालेल्या अमेरिकी विमानांनी मुंबईत इंधन भरलं होतं आणि त्याच महिन्यात नाणेनिधीने सुमारे १८० कोटी डॉलर मंजूर केले होते. दोन्हींची गाठ होती, असं तेव्हाचे वाणिज्यमंत्री सुब्रमण्यम स्वामी पुढे सांगत आले.

उलट युनेस्कोत कोटा नाही, प्रत्येक देशाला एकच मत. २०११ मध्ये पॅलेस्टाइनला १०७ विरुद्ध १४ मतांनी सदस्यत्व मिळालं आणि अमेरिकेने वर्गणी थांबवली. अमेरिका १९८४ मध्ये बाहेर पडली, २००३ मध्ये परतली, २०१८अखेर पुन्हा गेली, २०२३ मध्ये आली, आणि २०२५ मध्ये पुन्हा निघाल्याचं जाहीर केलं. जागतिक आरोग्य संघटना सोडण्याचा आदेशही त्याच वर्षीचा. नाणेनिधी आणि बँक मात्र सोडणार नाही, हे अर्थमंत्री स्कॉट बेसेंट यांनी एप्रिल २०२५ मध्ये सांगून टाकलं. कोण सोडेल?

नाणेनिधीच्या घटनेत एक कलम आहे: मुख्य कचेरी सर्वांत मोठ्या कोट्याच्या देशात असावी. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या सवानाच्या बैठकीत केन्स ती न्यूयॉर्कला मागत होते, सरकारच्या सावलीपासून जरा दूर. अमेरिकेने वॉशिंग्टनच धरून ठेवलं. दहा वर्षांनी आपण बीजिंगमध्ये बोलत असू, असं नाणेनिधीच्या तेव्हाच्या प्रमुख क्रिस्टीन लगार्ड २०१७ मध्ये अर्धवट थट्टेत म्हणाल्या. डिसेंबर २०२३ मध्ये कोटे ५० टक्क्यांनी वाढवायचं ठरलं. सगळ्यांचे सारख्याच प्रमाणात, त्यामुळे कुणाचाच वाटा हलला नाही.