घरी चहा चाखताना

- काळा, हिरवा, ऊलाँग, पांढरा : सगळे 'कॅमेलिया सायनेन्सिस' या एकाच झुडपाचे. फरक पानांच्या ऑक्सिडीकरणाचा. हिरव्यात ते उष्णता देऊन लगेच थांबवतात, काळ्यात पूर्ण होऊ देतात.
- निव्वळ गवती चहात चहाची पानं नसतात, कॅफिनही नसतं.
- दार्जिलिंग : भौगोलिक मानांकन मिळालेलं भारतातलं पहिलं उत्पादन. फर्स्ट फ्लश (पहिली तोडणी, मार्च-एप्रिल) फिकट, फुलांच्या वासाचा. सेकंड फ्लश (दुसरी तोडणी, मे-जून) गडद, मस्कट द्राक्षांच्या गंधाचा.
- अर्ल ग्रे : काळ्या चहाला बर्गमॉटच्या सालीचं तेल.
- तुलनेचं प्रमाण (आयएसओ ३१०३) : १०० मिलि उकळत्या पाण्याला २ ग्रॅम पत्ती, ६ मिनिटं. घरी हिरव्यासाठी ८०° से. पाणी पुरे; उकळत्या पाण्यात तो कडवट होतो.
- आधी कोराच चाखा, भुरका मारून. सुगंधी चहा शेवटी घ्या.