नऊ ग्रॅम तांबं, मुंबई ते पुणे

एक सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच असा तांब्याचा ठोकळा घ्या. ल्युडोच्या फाशाएवढा, वजन जेमतेम 9 ग्रॅम. समोरासमोरच्या बाजूंमधला त्याचा विद्युत रोध म्हणजे 1 ओहमचा सहा लाखावा भाग. नसल्यातच जमा.

याची 1 मीटर तार काढली तर छेद 1 चौरस मिलिमीटर होतो. वायरमन जिला ‘वन एमएम’ म्हणतो ती. लांबी 100 पट झाली, रोध मात्र 10,000 पट! कारण तांबं तेवढंच आहे, तार लांब होते ती जाडी खाऊन. विजेची वाट शंभरपट लांबली आणि शंभरपट अरुंदही झाली. म्हणून तार दुप्पट ताणली की रोध चौपट, तिप्पट ताणली की नऊपट.

(हाताने ओढून बघू नका, दुप्पट व्हायच्या आधीच तुटेल. कारखान्यात ती एकाहून एक बारीक भोकांतून ओढतात, मध्येमध्ये तापवून मऊ करतात.)

तोच ठोकळा 1 किलोमीटर ओढला तर तार केसाहून बारीक होते आणि रोध जवळपास 17,000 ओहम. आता कल्पनेतच ती मुंबईहून पुण्यापर्यंत नेऊ, साधारण 150 किलोमीटर. जाडी उरली 3 मायक्रॉन. रोध 225 लाख कोटी पट वाढून झाला 38 कोटी ओहम! घरातले 230 व्होल्ट लावले, तरी पुण्यात पोचेल 1 अँपिअरचा सोळा लाखावा भाग. दिवा सोडाच, साधं एलईडीही नीट लागणार नाही.

मला मात्र याच नियमाचं दुसरं टोक जास्त थक्क करतं. ताणलेल्या तारेचा रोध बदलतो हे विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी 1856 मध्येच दाखवलं होतं. 1938 मध्ये अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांनी, एकमेकांशी संबंध नसताना, बारीक तार चिकटवून ताण मोजायची युक्ती काढली. तिलाच स्ट्रेन गेज म्हणतात.

भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यात तेच असतं. ताटाखाली अॅल्युमिनियमची दांडी, तिच्यावर नागमोडी धातूच्या चार चिमुकल्या पट्ट्या. धातू बहुधा कॉन्स्टंटन, कारण उन्हातान्हात त्याचा रोध फारसा हलत नाही. 350 ओहमची पट्टी 30 किलोच्या पूर्ण भाराखाली बदलते जेमतेम पाऊण ओहम. मग 5 ग्रॅमच्या एका हिरव्या मिरचीला किती? 1 ओहमचा साडेआठ हजारावा भाग. एवढा बदल टिपायला 5 मिलिमीटरची पट्टी किती ताणली जाते, हाही हिशेब करून बघितला. एका नॅनोमीटरहूनही कमी.

काट्यावरचा आकडा 5 ग्रॅमने पुढे सरकतो, तेव्हा आतली पट्टी तीन-साडेतीन अणूंच्या रुंदीएवढी लांबलेली असते.