मोबाइलचा उपवास आणि त्याचे आगार

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे ऑगस्ट २०२२ पासून रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा, थोरांनी वाचायचे किंवा एकमेकांशी बोलायचे. कोरोनाच्या काळात शाळा मोबाइलवर भरली. पुढे वर्ग उघडले तरी मुलांच्या हातचा मोबाइल सुटेना, म्हणून गावाने हा उपाय योजला. दीड तास म्हणजे नव्वद मिनिटे. दोन सामायिकांच्या वेळेपेक्षाही सहा मिनिटे कमीच!

महाडच्या औद्योगिक वसाहतीला भोंग्याचे नावीन्य नाही. मात्र वडगावचा उपाय येथे जसाच्या तसा लागू पडणार नाही. कारखाने तीन पाळ्यांत चालतात. सायंकाळी सातला एखाद्या घरातील कर्ता पुरुष कामावर असतो, तर शेजारचा रात्रपाळीसाठी डबा भरून घेत असतो. शिवाय रासायनिक कारखान्याच्या नियंत्रण कक्षात तापमान, दाब, प्रवाह हे सारे संगणकाच्या पडद्यावरच पाहावे लागते. आठ तास पडद्याकडे पाहून घरी परतलेला माणूस विसाव्यासाठी पुन्हा खिशातला पडदा काढतो, ही त्यातली खरी विसंगती.

सूचनांच्या गर्दीने काय होते, हे या क्षेत्रातील मंडळी जाणून आहेत. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. त्याआधीच्या सुमारे अकरा मिनिटांत दोन चालकांसमोर धोक्याच्या २७५ सूचना येऊन आदळल्या होत्या. माहिती कमी नव्हती, ती वाचून समजून घेण्यास अवकाश नव्हता. पुढे या उद्योगात असा दंडक सुचवला गेला की, नेहमीच्या कामकाजात एका चालकाकडे दहा मिनिटांत साधारण एकाहून अधिक इशारा येऊ नये. घरातल्या मोबाइलला हे माप लावून पाहिले तर किती जण उत्तीर्ण होतील?

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी एक दुःश्रुती, म्हणजे चित्त मलिन करणारे, निष्प्रयोजन ऐकणे. सकाळपासून पुढे ढकलल्या जाणाऱ्या निरोपांना याहून नेमका शब्द सापडणे अवघड आहे.

चातुर्मासात अनेक घरांत मोबाइलच्या मर्यादेचा नियम घेतला जातो, ही स्तुत्य गोष्ट आहे. परंतु महाड-पोलादपूरकडे चातुर्मास म्हणजेच सावित्रीच्या पुराचे दिवस. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. अशा मुलखात आठवडाभर फोन कपाटात ठेवणे हा संयम नव्हे, अविचार ठरेल. उलट, शेकडो शुभेच्छा आणि जुन्याच पुराच्या चित्रफिती यांच्या ढिगात पाणी चढल्याची खरी सूचना दबून गेली, तर तोही धोका तितकाच मोठा.

आपल्या पूर्वाचार्यांनी पच्चक्खाणात आगार ठेवले ते काही सवलत म्हणून नव्हे. व्रत मोडू नये आणि जीवही धोक्यात येऊ नये, म्हणून. मोबाइलच्या नियमालाही तसेच आगार आधी बोलून ठरवता येतात. घरच्यांचे व कारखान्याचे फोन घ्यायचे, तहसील कार्यालयाची पूरसूचना पाहायची, गटांचे आवाज बंद ठेवायचे. वेळ घड्याळाप्रमाणे न धरता पाळीप्रमाणे धरावी: कामावरून आल्यानंतरची पहिली ४८ मिनिटे. ज्या आठवड्यात सावित्रीला पूर असेल, त्या आठवड्यात घरातील एकानेच बातम्या पाहाव्यात आणि इतरांना तोंडी सांगाव्यात.