पारदर्शक गर्भ, पंधरा मिनिटांचं घड्याळ

झेब्राफिश म्हणजे मत्स्यालयात दिसणारा तो पट्ट्यापट्ट्यांचा बोटभर मासा. मूळचा आपल्याच उपखंडातला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. पण प्रयोगशाळेत त्याला मानाचं पान मिळवून दिलं अमेरिकेतल्या ऑरेगॉन विद्यापीठाच्या जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी. 1981 साली त्यांनी या माशाचे क्लोन तयार केले.

याचा गर्भ आईच्या पोटाबाहेर वाढतो, तोही काचेसारखा आरपार. पाणी 28.5 अंशांवर ठेवा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसा. पाऊण तासात एका पेशीच्या दोन होतात. मग दर पंधरा मिनिटांनी दुप्पट, जवळपास एकाच तालात! तीन तासांत हजारावर पेशी. गंमत म्हणजे तोवर गर्भाची स्वतःची जनुकं बहुतांशी गप्पच असतात. सगळा कारभार आईनं अंड्यात भरून ठेवलेल्या शिदोरीवर. त्यानंतर ताल मोडतो, जनुकं जागी होतात आणि पेशींना ठरवून मरणंही जमायला लागतं. अ‍ॅक्रिडिन ऑरेंज हा रंग दिला की जिवंत गर्भातल्या या मरणाऱ्या पेशी हिरव्या चमकतात.

आणि म्हातारपण? गुणसूत्रांची टोकं राखणारं टेलोमरेज विकर नसलेले झेब्राफिश अकाली म्हातारे होतात, लवकर मरतात. थकून विभाजन थांबवलेल्या पेशी एका खास रंगचाचणीत निळ्या दिसतात, आणि काही उत्परिवर्ती माशांमध्ये ही निळाई चक्क गर्भावस्थेतच सापडली आहे. मला तरी यात हेच सगळ्यात अचाट वाटतं.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या माशावर काम चालतं.