मुदत संपण्याआधीचा इशारा

मार्च २०१७ च्या अखेरच्या दोन दिवसांत देशभरातील दुचाकी विक्रेत्यांच्या दालनांत ग्राहकांची झुंबड उडाली होती. १ एप्रिलपासून 'बीएस-३' वाहनांची विक्री बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्चला दिला, तेव्हा कंपन्यांकडे व विक्रेत्यांकडे अशी सुमारे ८ लाख वाहने शिल्लक होती. वास्तविक नव्या निकषांची अधिसूचना २०१५ मध्येच निघाली होती. पण बंदी उत्पादनावर की विक्रीवरही, याचा अर्थ प्रत्येकाने आपल्या सोयीने लावला. आकुर्डीत मुख्यालय असलेल्या बजाज ऑटोने जुन्या साठ्याच्या विक्रीला न्यायालयात विरोध केला होता, तर इतर अनेक उत्पादकांना साठा संपेपर्यंत मुभा हवी होती. 'बीएस-४' वाहनांच्या वेळी हा गोंधळ टळावा म्हणून न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्येच स्पष्ट केले, की १ एप्रिल २०२० पासून त्यांची विक्री आणि नोंदणी दोन्ही बंद.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या वाहन उद्योगाला परिचित असलेला हा पेच सॉफ्टवेअरच्या जगात रोजचाच आहे. तेथे त्याला 'डेप्रिकेशन' म्हणतात. इतरांनी वापरण्यासाठी लिहिलेल्या तयार आज्ञावल्यांच्या संचाला लायब्ररी म्हणतात. तिच्यातील एखादी सोय कालबाह्य झाली, तरी ती एका रात्रीत काढून टाकता येत नाही, कारण तिच्यावर हजारो कार्यक्रम उभे असतात. म्हणून सोय चालू ठेवून, ती वापरणाऱ्याला पडद्यावर इशारा दिला जातो. काय बंद होणार, कोणत्या आवृत्तीत होणार आणि त्याऐवजी काय वापरावे, या तिन्ही गोष्टी इशाऱ्यात असाव्या लागतात. यातील एक जरी गाळली, तरी 'बीएस-३' ची गत होते.

मात्र नेमका मजकूर लिहूनही प्रश्न सुटत नाही. खरी अडचण आहे ती इशारा योग्य माणसापर्यंत पोहोचण्याची. पायथन या भाषेने २०१० मध्ये २.७ या आवृत्तीत असे इशारे मुळातच दडवून ठेवायचा निर्णय घेतला. त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. कार्यक्रम केवळ वापरणाऱ्याला तो दुरुस्त करता येत नाही, मग त्याला घाबरवायचे कशाला? परिणाम असा झाला, की दुरुस्ती करू शकणाऱ्या प्रोग्रॅमरलाही ते दिसेनात. अखेर २०१८ मध्ये ३.७ या आवृत्तीने मधला मार्ग काढला: थेट चालवलेल्या मुख्य फाइलमधून उद्भवलेला इशारा दिसेल, आतल्या फाइलींमधला दडलेलाच राहील.

याची किंमत आकडेमोडीच्या 'नमपाय' या लोकप्रिय लायब्ररीच्या वापरकर्त्यांना मोजावी लागली. 'एनपी डॉट इंट' हे नाव म्हणजे पायथनमधील साध्या 'इंट'चेच दुसरे नाव. वेगळे असे त्यात काहीच नव्हते. जानेवारी २०२१ मध्ये १.२० या आवृत्तीने ते बाद होणार असल्याचा इशारा दिला, पर्यायही सांगितला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये १.२४ मध्ये ते काढून टाकले. जवळपास दोन वर्षांची मुदत मिळूनही अनेक जुने कार्यक्रम नवी आवृत्ती बसवताच बंद पडले.

लायब्ररी लिहिणाऱ्याने आणखी एक पथ्य पाळायचे असते. इशाऱ्यात ओळीचा क्रमांक छापला जातो. तो लायब्ररीच्या पोटातील ओळीचा नको, तर जुनी सोय जेथून वापरली गेली त्या ओळीचा हवा. हे जमवणे एका आकड्याचे काम, पण ते हमखास विसरले जाते आणि वापरणारा भलत्याच फाइलीत शोधत बसतो.

वापरणाऱ्याच्या बाजूने सर्वांत वाईट सवय म्हणजे कटकट नको म्हणून सर्वच इशारे एकदम बंद करणे. त्याऐवजी चाचण्या घेताना प्रत्येक इशाऱ्याला चूक मानण्याची सोय पायथनमध्ये आहे. इशारा आला की चाचणी नापास. दुरुस्ती लगेच शक्य नसेल, तर तेवढाच एक इशारा नाव घेऊन गप्प करावा, त्याशेजारी कारण आणि दुरुस्तीची तारीख लिहावी, आणि तोवर लायब्ररीची आवृत्ती गोठवून ठेवावी.