आज्ञेपासून उत्तरदायित्वाकडे : परिचर्येतील नीतिविचार

परिचर्येच्या नीतिशास्त्रातील सर्वांत जुना वाद बांधिलकीचा आहे. परिचारिकेने आधी कोणाला उत्तर द्यायचे, डॉक्टरांना की रुग्णाला? 1893 मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे लिस्ट्रा ग्रेटर यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या नाइटिंगेल प्रतिज्ञेत अपायकारक औषध न देणे आणि रुग्णाची गुपिते राखणे ही कर्तव्ये होती. त्यांच्या जोडीला डॉक्टरांना निष्ठेने साहाय्य करण्याचे वचनही होते. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या 1953 च्या पहिल्या संहितेत ही निष्ठा टिकून राहिली. मात्र अनैतिक कृत्यात सहभागी होण्यास नकार द्यावा, असेही त्यात नमूद होते. 1973 च्या संहितेने निःसंदिग्ध उत्तर दिले: परिचारिकेची प्रथम जबाबदारी ज्यांना शुश्रूषेची गरज आहे त्यांच्याप्रति असते.

हा बदल किती आवश्यक होता, हे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ चार्ल्स हॉफलिंग यांच्या 1966 च्या प्रयोगातून दिसते. एका अनोळखी ‘डॉक्टर’ने फोनवरून परिचारिकांना एका औषधाची 20 मिलिग्रॅम मात्रा देण्यास सांगितले. बाटलीवर कमाल मात्रा 10 मिलिग्रॅम लिहिलेली होती. तरीही 22 पैकी 21 परिचारिका ती द्यायला निघाल्या आणि त्यांना वेळीच थांबवण्यात आले. त्या निष्काळजी होत्या असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आज्ञापालन हाच सद्गुण म्हणून शिकवल्यावर शंका विचारण्याचे बळ येणार कोठून?

नीतिशास्त्राचे मोठे सिद्धांत वॉर्डात वेगवेगळ्या वजनाने उपयोगी पडतात. कांटचा कर्तव्यवाद माणसाला केवळ साधन म्हणून वापरण्यास मनाई करतो. बेशुद्ध रुग्णालाही पडदा ओढूनच स्पंज द्यायचा, यामागे हाच विचार आहे. बेंथम आणि मिल यांचा उपयुक्ततावाद आपत्तीच्या वेळी, कोणाकडे आधी धावायचे हे ठरवताना कामी येतो. परिचर्येला सर्वांत जवळचा सिद्धांत मात्र काळजीचा. कॅरल गिलिगन यांनी 1982 मध्ये मांडले की नैतिक निर्णय केवळ अमूर्त नियमांतून होत नाहीत. नात्यातून आणि समोरच्याच्या गरजेतूनही होतात. नाइट ड्युटीवरच्या सिस्टरला हे वेगळे सांगावे लागत नाही.

बोचँप आणि चिल्ड्रेस यांनी 1979 मध्ये मांडलेली स्वायत्तता, हित, अपाय टाळणे आणि न्याय ही चार तत्त्वे आज अभ्यासक्रमाचा पाया आहेत. ती वाचायला सोपी आहेत. एकमेकांवर आदळतात तेव्हा कठीण होतात. आपल्याकडचा नेहमीचा प्रसंग पाहा. कर्करोगाचे निदान रुग्णाला सांगू नका, अशी नातेवाइकांची विनवणी असते. रात्री रुग्ण परिचारिकेलाच विचारतो, ‘सिस्टर, मला नक्की काय झालंय?’ निदान सांगणे डॉक्टरांचे काम. परंतु खोटे बोलणे कोणाचेच काम नाही. रुग्णाला काय जाणून घ्यायचे आहे ते ऐकणे आणि डॉक्टर व कुटुंब यांना त्याच्याशी बोलायला लावणे, हा परिचारिकेचा मार्ग.

अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात तर परिचारिकांच्या शुश्रूषेलाच कायदेशीर वजन मिळाले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील या परिचारिकेवर 27 नोव्हेंबर 1973 रोजी वॉर्डबॉयने पाशवी हल्ला केला. त्यानंतर 18 मे 2015 रोजी मृत्यू येईपर्यंत त्या अचेतनप्राय अवस्थेत होत्या. सहकारी परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले, अंगाला बेडसोर होऊ दिले नाहीत. पत्रकार-लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांचे अन्न थांबवण्याची परवानगी सर्वोच्च न्यायालयाकडे मागितली. 7 मार्च 2011 च्या निकालाने ती नाकारली; कठोर अटींवर निष्क्रिय दयामरणाचा मार्ग मात्र खुला केला. अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. विराणींचा प्रश्न करुणेतूनच आला होता, आणि केईएमच्या परिचारिकांचा त्या मागणीला असलेला विरोधही. अरुणा यांची स्वतःची इच्छा कळण्याची सोय नव्हती, आणि ही उणीव कोणतीही माया भरून काढू शकत नाही. 2018 मध्ये न्यायालयाने आगाऊ वैद्यकीय निर्देशाला मान्यता दिली आणि 2023 मध्ये त्याची प्रक्रिया सुलभ केली. त्यामुळे माणसाला आपली इच्छा शुद्धीत असतानाच लिहून ठेवता येते.

योग्य काय ते कळते, पण संस्था ते करू देत नाही, या अवस्थेला अँड्र्यू जेमटन यांनी 1984 मध्ये ‘नैतिक क्लेश’ म्हटले. त्याचे मोठे कारण मनुष्यबळाची टंचाई. शैक्षणिक रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष. तो पाळला गेला नाही, तर कूस बदलणे, वेदना विचारणे, संमतिपत्र समजावणे ही कामे आधी मागे पडतात. तेव्हा न्यायाचे तत्त्व मोडल्याचा दोष वॉर्डातल्या सिस्टरवर टाकता येत नाही. नेमणुका अडवून ठेवणाऱ्यांनी त्याचे उत्तर दिले पाहिजे.